थंडीतली गाडी आणि गाडीतली थंडी

दिवाळी अंकासाठी संपादकांचे पत्र आले की मी आधी त्याची शेवटची ओळ वाचते. खरी मागणी तिथे असते. या वर्षीची ओळ अशी होती : "वर्षभर आपण या सदरात घरातल्या लहानसहान गोष्टींवर लिहिता, दिवाळीसाठी मात्र काहीतरी उबदार लिहावे." आता उबदार म्हटल्यावर मराठीच्या प्राध्यापिकेला आजीची गोधडी आठवावी, चुलीपुढचा पाट आठवावा, निदान पहाटेच्या अभ्यंगस्नानाचे वाफाळते पाणी तरी आठवावे. मला आठवला आमच्या मोटारीचा हिटर. आणि तोही अशासाठी की तो मुळीच उबदार नव्हता!

मुंबईकर वाचकांना याचे हसू येईल. त्यांच्या गाडीतला हिटरचा खटका कोराच्या कोरा भंगारात जात असेल. पण आम्ही नाशिकचे. पौष-माघात आमच्या निफाडचे नाव वर्तमानपत्रांत येते ते द्राक्षांसाठी नव्हे, थंडीसाठी. बागाईतदार रात्र रात्र जागून, मळ्यात शेकोट्या पेटवून द्राक्षे सांभाळतात. अशा दिवसांत पहाटे साडेचार वाजता मोटारीच्या रेक्झिनच्या बैठकीवर बसून पाहावे, म्हणजे हिटर ही काय चीज आहे ते कळते.

आमची गाडी १९९९ सालची. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, निवृत्त झाल्यावर हौसेने घेतलेली. २०१९ साली अण्णा गेले आणि गाडी माझ्याकडे आली. गाडीबरोबर डॅशबोर्डच्या कप्प्यातली त्यांची एक जाड वहीही आली. पेट्रोल किती घातले, टायरमध्ये हवा केव्हा भरली, कुठला बोल्ट कुणी आवळला, सगळे तारीखवार. ती वही मी जपून ठेवली, पण वाचली मात्र नाही. वर्गात मुलींना मूळ साधने वाचा म्हणून बजावणाऱ्या बाईने घरातले हस्तलिखित उघडू नये, हा माझा पहिला गुन्हा. पुढे तो चांगलाच अंगाशी आला.

गेल्या जानेवारीत एका रात्री धुळ्याहून फोन आला. आईची थोरली बहीण, आमची मोठी मावशी, इस्पितळात होती आणि प्रकृती बरी नव्हती. आई शहात्तर वर्षांची. ती काही बोलली नाही. नुसती उठली आणि पिशवीत लुगडे भरू लागली. पहाटे साडेचारला आम्ही निघालो. मी गाडी चालवीत होते, आई शेजारी, चिरंजीव मागे पांघरुणात.

निघताना हिटर लावला. पंचवटीतल्या सिग्नलपाशी थांबलो तेव्हा जरा कोमट झुळूक आली. म्हटले, बरे झाले. आडगाव मागे पडले, हमरस्त्याला लागलो, गाडीने वेग घेतला आणि ती झुळूक गार झाली. ओझरपर्यंत हिटरमधून सरळ सरळ बाहेरचीच हवा येऊ लागली. पिंपळगावच्या टोलनाक्यावर मालमोटारींची रांग होती. तिथे पाच-सात मिनिटे उभे राहिलो तर पुन्हा ऊब! पुढे निघालो, पुन्हा गारठा. चांदवडच्या पुढे राहुडचा घाट उतरताना तर माझी बोटे स्टिअरिंगला चिकटल्यासारखी झाली. मी तीनदा विचारले, "आई, थंडी वाजते का गं?" तिन्ही वेळा तेच उत्तर : "मला? छे! तू समोर बघून चालव."

धुळ्याला पोचलो तेव्हा नुकते उजाडले होते. आई खाटेजवळ गेली आणि तिने मावशीचा हात हातात घेतला. मावशी आजारी, सलाईन लावलेली, धड बोलवत नव्हते. पण तिने डोळे उघडले आणि पहिले वाक्य काय बोलावे? "अगं, तुझे हात किती गार पडलेत!" आणि त्या आजारी बाईने आपल्या अशक्त हातांनी माझ्या धडधाकट आईचे हात चोळायला सुरुवात केली. मी खिडकीबाहेर पाहू लागले.

देवाच्या दयेने मावशी आठवड्यात घरी आली. पण आईला खोकल्याने धरले तो पंधरा दिवस. डॉक्टरांनी सांगितले, आता थंडीवाऱ्यात पहाटेचा प्रवास करायचा नाही. आमचे हे म्हणाले, "विका ती गाडी. सव्वीस वर्षांच्या गाडीकडून आणखी काय अपेक्षा करायची?" यावर आईने काही उत्तर दिले नाही. पण त्याच आठवड्यात कळले की मावशीला तिचा मुलगा महिनाअखेरीस कायमचा इंदूरला नेणार. रविवारी दहाला ते निघणार होते. शनिवारी मला कॉलेजात परीक्षेचे काम. म्हणजे बहिणींची भेट व्हायची तर आम्हाला रविवारी पहाटेच निघायला हवे होते, आणि हातात होते जेमतेम दहा दिवस.

मी गाडी एका गॅरेजात नेली. त्या गृहस्थांनी हिटर लावला, दोन मिनिटे हात धरला आणि निकाल दिला : "मॅडम, कॉइल गेली. सगळा डॅशबोर्ड खोलावा लागेल. नऊ-दहा हजार धरून चाला. पार्ट मिळेलच असं नाही." मी दोन शंका विचारल्या. ते म्हणाले, "तुम्ही साहेबांना पाठवा, त्यांना समजावतो." आमच्या साहेबांना गाडीचे बॉनेट कुठल्या बाजूने उघडते हेही ठाऊक नाही, हे मी त्यांना सांगितले नाही. गाडी घेऊन घरी आले.

आमच्या शेजारी एक काका राहतात. एस.टी.च्या कार्यशाळेत तीस वर्षे काढून निवृत्त झालेले. संध्याकाळी कट्ट्यावर त्यांना हकीकत सांगितली. ते म्हणाले, "बाई, वैद्य नाडी न बघताच पोट फाडू म्हणाला, तर तुम्ही फाडू द्याल का? आधी पाहायचं, मग हात लावायचा, आणि खोलायचं ते सगळ्यांत शेवटी." दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी थंड असतानाच, आमची शिकवणी सुरू झाली. ती इथे जशीच्या तशी मांडते, कारण ज्यांच्या घरी जुनी गाडी आहे त्यांना ती केव्हातरी लागेल.

काकांनी प्रथम हिटर म्हणजे काय ते सांगितले. हिटर ही शेगडी नव्हे. पेट्रोल जळून जी उष्णता होते तिच्यातली बरीचशी गाडी ओढण्याच्या कामी येतच नाही. काही धुरावाटे निघून जाते, काही इंजिनाभोवती खेळणारे पाणी शोषून घेते. ते तापलेले पाणी पुढच्या जाळीमागच्या रेडिएटरमध्ये जाते, वाऱ्याने निवते आणि परत येते. त्याच पाण्याचा एक छोटा पाट दोन रबरी नळ्यांतून डॅशबोर्डखाली आणलेला असतो. तिथे वहीएवढा एक रेडिएटर असतो, त्याला गॅरेजात कॉइल म्हणतात. त्यावरून पंखा हवा सोडतो आणि ती आपल्या पायांशी येते. म्हणजे गाडीची वाया जाणारी ऊब आपण वापरतो, फुकट! मग ती येत नसेल तर तीनच गोष्टी संभवतात. हवा कमी, पाणी कमी, नाहीतर पाणीच पुरेसे गरम नाही.

पहिला प्रश्न हवेचा. पंखा लावून झोतापुढे हात धरायचा. हवाच मंद असेल तर दोष उष्णतेचा नाही. फ्यूज पाहावा, हवा आत येते तिथल्या जाळीत वाळलेली पाने साचली आहेत का पाहावे, नव्या धर्तीच्या गाड्यांत हवेची गाळणी असते ती धुळीने भरली आहे का पाहावे. पंखा फक्त शेवटच्या वेगावर फिरत असेल तर बहुधा त्याचा रेझिस्टर जळलेला असतो. आमची हवा भरपूर होती.

दुसरा प्रश्न पाण्याचा. इथे काकांनी आवाज चढवून सांगितले आणि मीही चढवूनच लिहिते : इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. आतले पाणी दाबाखाली असते. झाकण सैल होताच ते उकळून तोंडावर येते. पूर्ण थंड गाडीतच पाहायचे. तेही नुसती बाजूची बाटली पाहून भागत नाही, कारण बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा असेही होते. पाणी कमी झाले की पुष्कळदा पहिला फटका हिटरला बसतो. आणि पाणी पुन्हा पुन्हा कमी होत असेल तर ते जाते कुठे याचा शोध घ्यायचा. पायाखालची चटई ओलसर लागते, गाडीत गोडसर वास येतो, काचेवर आतून तेलकट धुके धरते, अशी लक्षणे असली तर मात्र कॉइल खरोखर गळते आहे. आमची चटई कोरडी होती. पाणी पुरेसे होते, पण रंग गेरूसारखा. काकांनी नुसती मान हलवली.

तिसरा प्रश्न उष्णतेचा. इंजिन सुरू करून, हिटर पूर्ण गरमवर ठेवून, काका मला म्हणाले, "आता त्या दोन नळ्यांना हात लावून पाहा. पदर खोचून घ्या, पंख्यापासून आणि पट्ट्यापासून लांब राहा." विजेवरचा पंखा इंजिन बंद असतानाही एकाएकी फिरू लागतो, म्हणून ही सावधगिरी. आणि हात आधी जवळ न्यायचा, मग बोट टेकवायचे, कारण नीट चालणाऱ्या गाडीत या नळ्या चटका देतील इतक्या तापतात. या दोन नळ्या म्हणजे हिटरची नाडी. दोन्ही चांगल्या गरम असून हवा गार असेल, तर पाणी आपले काम करते आहे; दोष आतली झडप उघडणाऱ्या तारेत आहे. ती निसटलेली, गंजलेली असते, आणि अनेकदा हाताने जागेवर बसते. एक नळी गरम आणि दुसरी गार असेल, तर पाणी पुढे जात नाही; कॉइल गाळाने तुंबली आहे किंवा मधला नळ बंद आहे. अशी कॉइल साध्या बागेच्या पाइपने, मंद धारेने, उलट्या बाजूने धुवावी. जोराची धार मारली तर जुनी कॉइल फुटते. आणि दोन्ही नळ्या नुसत्या कोमट असतील, तर इंजिनातूनच गरम पाणी येत नाही.

आमच्या दोन्ही कोमट होत्या.

"आता आठवा," काका म्हणाले, "उभ्या गाडीत ऊब येते की पळत्या?" मी टोलनाक्याची हकीकत सांगितली. घाट उतरताना जास्त गारठा होता आणि परतताना तोच घाट चढताना बरे वाटले होते, हेही सांगितले. काका हसले. हिटर पळत्या गाडीत गरम आणि उभ्या गाडीत गार असेल, तर पाणी कमी असते, किंवा नळ्यांत हवा अडकलेली असते, किंवा पंप थकलेला असतो. आमचे उलटे होते. उभ्या गाडीत गरम, पळत्या गाडीत गार. याचा अर्थ वारा लागला की इंजिन वाजवीपेक्षा जास्त निवते आहे. मी म्हटले, "काटा कधी पाव भागावर जात नाही, म्हणून मी तर खूश होते. गाडी थंड राहते!" काका म्हणाले, "बाई, माणसाचा ताप नव्वदवर आला तर डॉक्टर खूश होतो का?"

शेवटची परीक्षा त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी घेतली. थंड इंजिन सुरू केले आणि रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या जाड नळीवर माझा हात ठेवायला लावला. निकोप गाडीत ती नळी काही मिनिटे गारच राहते आणि मग एकाएकी तापते. आमची पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेली. काकांनी दोन बोल्ट काढले, एक छोटे धातूचे झाकण उचलले आणि आत बोट दाखवले. आत काही नव्हते.

तिथे जो भाग असायला हवा त्याचे नाव थर्मोस्टॅट. लिंबाएवढी एक झडप. तिच्या पोटात मेण भरलेले असते. ठराविक उष्णतेला, बहुतेक गाड्यांत ८२ ते ९० अंश सेल्सियसच्या दरम्यान, ते मेण वितळून फुगते, दांड्याला रेटते आणि झडप उघडते. निवले की स्प्रिंग ती पुन्हा मिटवते. वीज नाही, किल्ली नाही. अशी मेणाची झडप सर्जियस व्हर्नेट या संशोधकाने अमेरिकेत १९३० च्या दशकात पुढे आणली आणि आजही अनेक गाड्यांत तीच आहे. तिचे काम वर्गाच्या दारावरच्या शिपायासारखे. इंजिन नीट तापेपर्यंत ती पाण्याला रेडिएटरकडे जाऊ देत नाही. ती नसली तर पाणी सुरुवातीपासूनच थंड व्हायला धावते. मग हिटरला ऊब मिळत नाही, पेट्रोल जास्त लागते, इंजिनाची झीज वाढते. आपल्याकडे उन्हाळ्यात गाडी तापली की ही झडपच काढून टाकायची जुनी खोड आहे. काही इंजिनांत तर ती काढल्याने पाणी आडवाटेने फिरत राहते आणि गाडी उलट जास्तच तापते.

"कुणी काढली असेल?" मी विचारले. काका म्हणाले, "ते मला काय माहीत? तुमच्या अण्णांना विचारा." ते सहज बोलून गेले, पण मला वही आठवली.

त्या रात्री मी वही वाचली. नोंद सापडली : "१३ मे २००७. कसारा घाटात गाडी तापली. थर्मोस्टॅट काढून टाकला. मजुरी रुपये १२०. आता काटा वर जात नाही. समाधान." दोन वर्षांनंतरची दुसरी नोंद : "२ जून २००९. रेडिएटर आतून क्षाराने भरलेला निघाला. नवा बसवला." म्हणजे मूळ दुखणे रेडिएटरचे. ते २००९ साली बरेही झाले. पण निर्दोष असूनही घराबाहेर काढलेल्या त्या बिचाऱ्या झडपेला परत आणायचे कुणाला सुचले नाही. आणि या दोहोंच्या मध्ये डिसेंबर २००७ ची एक ओळ होती : "हिटर मंद. हिला विचारले, थंडी वाजते का. म्हणाली, नाही."

मी वही घेऊन आईकडे गेले. ती लसूण सोलत होती. मी ती ओळ वाचून दाखवली. आई जरा थांबली आणि म्हणाली, "वाजत होती गं. पण ते लगेच खर्च करायला निघाले असते. तेव्हा तुझं बाळंतपण तोंडावर होतं." मी म्हटले, "आणि परवा?" ती म्हणाली, "परवा तुला सांगून तू काय करणार होतीस? गाडी थांबवली असतीस, आणि उशीर झाला असता." पुन्हा तिची बोटे लसणाकडे वळली. अठरा हिवाळे, आणि लसूण सोलता सोलता हिशेब मिटला!

पुढची हकीकत थोडक्यात. नवा थर्मोस्टॅट मिळाला. काका म्हणाले, नवा म्हणून विश्वास टाकायचा नाही, आधी परीक्षा. ती स्वयंपाकघरात होते. पातेल्यात पाणी घेऊन त्यात झडप दोऱ्याने टांगायची, तळाला टेकू द्यायची नाही, शेजारी प्रयोगशाळेतला थर्मामीटर धरायचा. तापाचा थर्मामीटर चालत नाही, तो फुटतो. आईने दुधाचे पातेले द्यायला साफ नकार दिला आणि माळ्यावरचे एक पोचे आलेले काढून दिले, जे परत स्वयंपाकात येणार नाही अशी अट घालून. चिरंजीव आकडे मोठ्याने वाचू लागले. झडपेवर ८२ छापले होते. काटेकोर त्याच सुमाराला ती कुरकुरत उघडू लागली, आणि पातेले उतरवल्यावर पुन्हा मिटली. आई पदराला हात पुसत म्हणाली, "शहाणी आहे!"

थर्मोस्टॅट नव्या गास्केटसह बसवला. गेरूचे पाणी काढून, आतून धुऊन, कूलंट भरले. निम्मे कूलंट आणि निम्मे शुद्ध पाणी, असे प्रमाण. हे मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही. नाशिकला तेवढी थंडी देवाने अजून दिलेली नाही, पण तेच औषध गंज आणि क्षारही रोखते. मात्र ते चवीला गोड आणि पोटात गेले तर घातक असते. मुले, मांजरे, कुत्री यांच्यापासून लांब ठेवावे आणि सांडलेले लगेच धुऊन टाकावे.

मोठ्या उत्साहाने इंजिन सुरू केले. काटा मध्यावर आला. हिटर लावला. आणि त्यातून आली बर्फासारखी गार हवा! आधी निदान कोमट तरी येत होती. आमचे हे गॅलरीतून म्हणाले, "मी म्हटलं होतं." माझा चेहरा पाहून काका मात्र खुशीत आले. पाणी नव्याने भरताना कॉइलमध्ये हवेचा बुडबुडा अडकला होता, आणि बुडबुड्यातून पाणी जात नाही. गाडी पूर्ण निवू दिली. मग सोसायटीच्या चढावर तोंड वर करून उभी केली. थंड इंजिनातच झाकण काढले, हिटर पूर्ण गरमवर ठेवला आणि इंजिन मंद चालू केले. मऊ नळ्या फडक्याने धरून हलक्या दाबल्या. भुडूक, भुडूक करीत हवा बाहेर आली, पातळी खाली गेली, ती पुन्हा भरली. बुडबुडे थांबले तसे, पाणी उकळीला येण्याच्या कितीतरी आधी, झाकण घट्ट बसवले. काका म्हणाले, थांबलेच नसते तर हेड गास्केट गेल्याची शंका घ्यायची. पण ते थांबले. आणि पाचच मिनिटांत डॅशबोर्डखालून अशी ऊन वाफ आली की मी पाय मागे घेतले. खर्च सगळा मिळून १३४० रुपये. काकांनी मजुरी घेतली नाही. दोन वाट्या खीर मात्र घेतली.

एक सूचना इथेच करून ठेवते. हिटर लागेना म्हणून गाडीत शेगडी ठेवणे, किंवा बंद गॅरेजात इंजिन चालू ठेवून ऊब घेणे, हे कुणीही, कधीही करू नये. त्या विषारी वायूला रंग नाही, वास नाही, आणि झोप लागली की जाग नाही.

रविवारी पहाटे निघालो. कुडकुडायला लावणारी थंडी होतीच. आडगाव गेले, ओझर गेले. मी मुद्दामच काही विचारले नाही. पिंपळगावच्या अलीकडे आईने पायांवरची शाल काढली, घडी केली आणि मांडीवर ठेवली. राहुडचा घाट उतरताना ती चक्क पेंगत होती. मी डाव्या हाताने तिचा हात चाचपून पाहिला. ऊन होता.

धुळ्याला सामान बांधून तयार होते. मावशी दारात खुर्चीवर बसली होती. दोघी बहिणी हातात हात घेऊन तासभर बसल्या. बोलणे फारसे झाले नाही. निघताना मावशी म्हणाली, "आज तुझे हात कसे छान गरम आहेत गं." आई म्हणाली, "गाडी सुधारलीय आमची."

त्या रात्री मी अण्णांच्या वहीत त्यांच्या शेवटच्या नोंदीखाली, त्यांच्याच पद्धतीने, तारीख घालून लिहिले : "थर्मोस्टॅट बसवला. रुपये १३४०. हिटर उत्तम. हिलाही थंडी वाजत नाही, हात लावून पाहिले."

तर वाचकहो, फराळाचे डबे भरून झाले, पाहुण्यांची ये-जा ओसरली, की थंडी जोर धरायच्या आत एका सकाळी आपल्या जुन्या गाडीचे बॉनेट उघडा. पाणी पाहा, काटा पाहा, त्या दोन नळ्यांना जपून बोट लावून पाहा. डॅशबोर्ड खोलण्याची वेळ फारच थोड्यांवर येईल. आणि पहाटेच्या प्रवासात शेजारी कुणी वडीलधारे बसलेले असेल, तर थंडी वाजते का असे विचारू नका. उत्तर ठरलेले आहे. त्यांच्या हाताला हात लावून पाहा.

दिवाळी आपणा सर्वांस सुखाची आणि उबेची जावो.